मुकी रेघ बोलू लागली

पालघर, बोईसर मागे टाकून उत्तरेस गेले म्हणजे डहाणू तालुका लागतो. तेथील गंजाड गावी वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) राहत असत. आईच्या मृत्यूच्या धक्क्याने लहानपणी त्यांची वाचा बसली. तेव्हा मनातले सांगण्यासाठी ते धुळीत चित्रे काढू लागले. वारल्यांमध्ये लग्नप्रसंगी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे लिहीत, ती स्त्रियाच. जिव्यांनी मात्र लग्नकार्याची वाट न पाहता नित्य चित्रे काढली. त्यांची कला देशोदेशी पोहोचली. २०११ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली.

जीभ अडते, हे त्यांना ठाऊक होते. हात चालतो, हेही त्यांनी ओळखले. मुलांनो, आपले काय अडते आणि काय चालते, हे जो नीट पाहतो, त्यालाच आपली वाट सापडते.