काहिलीवरील तबकडीचा थर्मामीटर : त्याची पारख आणि बदल

मढच्या बाजूला भात हे मुख्य पीक असले, तरी तेथून ओतूर, जुन्नर व पुढे आंबेगाव तालुक्याकडे उतरू लागले की ओलिताखालचा ऊस दिसू लागतो. जेथे ऊस, तेथे गुऱ्हाळ हे ओघानेच येते. गुऱ्हाळावर आजवर गुळव्याची नजर हाच थर्मामीटर होता. बुडबुड्यांचा आकार, पाकाचा वास, उलथन्यावरून सुटणारी तार व थंड पाण्यात होणारी गोळी यांवरून तो काहील उतरविण्याचा क्षण ठरवी. अलीकडे पुष्कळ ठिकाणी काहिलीला तबकडीचा, म्हणजे घड्याळासारख्या काट्याचा, थर्मामीटर लावतात. ही सुधारणा इष्टच आहे. परंतु एकदा थर्मामीटर बसविला की तो खरे बोलतो असे गृहीत धरले जाते आणि वर्षानुवर्षे त्याची तपासणी होत नाही. चुकीचा थर्मामीटर हा थर्मामीटर नसण्यापेक्षा अधिक नुकसान करतो. कारण त्याच्यावर विसंबून गुळव्याही आपली नजर बाजूला ठेवतो.

चार अंशांची किंमत

एक हजार लिटर रसाच्या आधणातून साधारणपणे पावणेदोनशे ते दोनशे किलो गूळ निघतो. या साऱ्या मालाचे भवितव्य शेवटच्या काही मिनिटांत ठरते. काकवी करावयाची असल्यास पाक १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला, ढेपेचा गूळ करावयाचा असल्यास ११६ ते ११८ अंशांना आणि गूळ पावडर करावयाची असल्यास १२० ते १२२ अंशांना उतरवावा, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. ढेप आणि पावडर यांत अंतर आहे ते अवघे तीन-चार अंशांचे.

पाक लवकर उतरविला तर त्यात पाणी अधिक राहते. असा गूळ मऊ पडतो, आणि आपल्या पश्चिम पट्ट्यातील दमट पावसाळी हवेत पाझरू लागतो. त्यास बुरशी येते. पाक उशिरा उतरविला तर साखर करपते, रंग काळपट होतो आणि चवीस कडसर झाक येते. मग रंग सुधारण्यासाठी हायड्रॉस पावडरचा मोह होतो. गुळातील गंधक डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ७० भागांपेक्षा अधिक असता कामा नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. जो रंग थर्मामीटर बरोबर असता तर बिघडलाच नसता, तो सुधारण्यासाठी औषध घालणे हा दुहेरी तोटा होय.

थर्मामीटरच्या पोटात काय असते?

तबकडीच्या मागे जी पोलादी दांडी असते, तिच्या टोकाकडील भागात दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकींस घट्ट जोडलेली पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. उष्णतेने एक धातू अधिक प्रसरण पावतो व दुसरा कमी. त्यामुळे गुंडाळी पिळली जाते आणि तो पीळ काट्यापर्यंत पोहोचतो. यावरून तीन गोष्टी ध्यानात येतील.

पहिली : उष्णता जाणतो तो दांडीचा टोकाकडील भाग, तबकडी नव्हे. हा भाग पाकात पूर्णपणे बुडालेला असावयास हवा.

दुसरी : दांडीला धक्का बसला, ती वाकली किंवा प्रमाणाबाहेर तापली, तर गुंडाळी आपली जागा सोडते. काटा फिरत राहतो, पण खोटा फिरतो.

तिसरी : काट्याला उष्णतेची वर्दी पोहोचण्यास थोडा वेळ लागतो. आधणाच्या अखेरीस पाण्याचा अंश थोडा उरलेला असल्याने उष्णतामान भरभर चढते. काटा तेव्हा किंचित मागे असतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात चुलवणातील जाळ कमी करावा व पाक हलता ठेवावा.

कोळशाच्या झाकणबंद चिनीमातीच्या भट्ट्यांच्या घुमटात याच जातीचा थर्मामीटर बसविलेला असतो. तेथे तो घुमटाखालील हवेचे उष्णतामान सांगतो; जाळीवर ठेवलेल्या पदार्थाचे नव्हे. काहिलीचेही तसेच आहे. थर्मामीटर जेथे बसविला, तेथलेच तो सांगणार. दांडी काहिलीच्या तळास टेकली तर धगीने तापलेल्या पत्र्याचे उष्णतामान त्यात मिसळते व आकडा अधिक दिसतो. दांडी वर राहिली तर ती फेसाचे किंवा वाफेचे उष्णतामान सांगते. रस आटत आटत पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो, हे विसरू नये. सुरुवातीस बुडालेली दांडी नेमकी अखेरच्या घटकेला उघडी पडते. म्हणून थर्मामीटर खाली-वर सरकविता येईल अशा पकडीत बसवावा, अथवा अखेरीस हाताने धरून पाकाच्या मध्यभागी, तळापासून वर, बुडवावा.

पहिली परीक्षा : बर्फाची

भांड्यात बारीक कुटलेला बर्फ भरावा व बर्फाच्या फटी भरतील इतकेच गार पाणी घालावे. पाच मिनिटे ढवळून दांडी मधोमध धरावी. ती भांड्यास टेकू देऊ नये. दोन मिनिटांनी काटा स्थिर झाल्यावर वाचन घ्यावे. ते शून्य अंश असावयास हवे. वितळत्या बर्फाचे उष्णतामान मढला, मुंबईला किंवा महाबळेश्वरला सारखेच असते. ज्या तबकडीवर शून्याची खूणच नाही, तिची तुलना गरम पाण्यात दुसऱ्या खात्रीच्या थर्मामीटरशी करावी.

दुसरी परीक्षा : उकळत्या पाण्याची

येथे बहुतेकांची फसगत होते. पाणी १०० अंशांना उकळते हे शाळेत शिकलेले वाक्य समुद्रकाठी खरे आहे. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेस उकळते. स्थूलमानाने दर ३०० मीटर उंचीस एक अंश कमी होतो. शतमान मोजपट्टी १७४२ साली मांडणाऱ्या अँडर्स सेल्सिअस या स्वीडिश शास्त्रज्ञालाही हा हवेच्या दाबाचा परिणाम ठाऊक होता. आपल्याकडील अंदाज असे आहेत :

रत्नागिरी, अलिबाग (समुद्रकाठ) : १०० अंश
पुणे, कोल्हापूर (सुमारे ५६० ते ५७० मीटर) : ९८.१ अंश
मढ, जुन्नर परिसर (सुमारे ७०० मीटर) : ९७.७ अंश
महाबळेश्वर (सुमारे १,३५० मीटर) : ९५.५ अंश

तेव्हा मढला खळखळ उकळत्या पाण्यात काटा ९८ च्या किंचित अलीकडे थांबला, तर थर्मामीटर बरोबर आहे. तो "दोन अंश मागे आहे" असे समजून काटा १०० वर आणला, तर चांगला थर्मामीटर आपण आपल्या हाताने बिघडविला असे होईल. त्यानंतर तबकडीवर ११८ दिसतील तेव्हा पाक प्रत्यक्षात ११६ च्याही खाली असेल, आणि पावसाळ्यात गूळ का पाझरला याचा उलगडा होणार नाही.

निष्कर्ष कसा काढावा?

दोन्ही परीक्षांची वाचने शेजारी शेजारी लिहावीत.

(१) दोहोंत सारखीच चूक. समजा, बर्फात ३ व उकळत्या पाण्यात १००.७ दिसले. दोन्हीकडे तीन अंश अधिक आहेत. गुंडाळी ठीक आहे, फक्त काटा सरकला आहे. तबकडीच्या मागील नट पान्याने धरून तबकडी हलकेच फिरवावी व उकळत्या पाण्यात काटा ९७.७ वर आणावा. नट नसल्यास "तीन अंश वजा करावे" अशी पट्टी थर्मामीटरला बांधावी.

(२) दोहोंत निराळी चूक. समजा, बर्फात बरोबर शून्य, पण उकळत्या पाण्यात ९२ दिसले. याचा अर्थ उष्णता वाढेल तशी चूक वाढते. याच प्रमाणात तबकडीवर ११८ दिसतील तेव्हा पाक १२५ अंशांवर गेलेला असेल. म्हणजे गूळ करपलेला असेल. ही चूक नटाने दुरुस्त होत नाही. दोन परीक्षांतील चुकांमध्ये दोन अंशांहून अधिक तफावत असेल, तर थर्मामीटर बदलावा.

(३) दर वेळी निराळे वाचन. उकळत्या पाण्यातून काढून पुन्हा बर्फात घातल्यावर काटा पहिल्या जागी परतत नाही, अथवा तबकडीवर बोटाने टिचकी मारताच उडी घेतो. असा थर्मामीटरही बदलावा.

याखेरीज काचेच्या आत वाफ धरणे, काच फुटणे, दांडी वाकणे व आकडे पुसट होणे ही बदलाची उघड लक्षणे होत.

नवा घेताना

तबकडीचा पल्ला कामापुरताच असावा. अशा थर्मामीटरची चूक पुष्कळदा पूर्ण पल्ल्याच्या शेकड्याने सांगतात. ३०० अंशांच्या तबकडीत शेकडा दोन म्हणजे ६ अंश. १५० अंशांच्या तबकडीत शेकडा एक म्हणजे केवळ दीड अंश. भट्टीच्या झाकणाचा मोठ्या पल्ल्याचा थर्मामीटर स्वस्त मिळाला तरी तो काहिलीच्या उपयोगाचा नाही. शून्य ते १५० किंवा १६० अंशांचा, एक किंवा दोन अंशांच्या खुणा असलेला, गंज न चढणाऱ्या पोलादाच्या लांब दांडीचा व मागे नट असलेला थर्मामीटर निवडावा. तबकडीवर फॅरनहाइट व सेल्सिअस अशा दोन्ही पट्ट्या असल्यास सेल्सिअसच्या पट्टीवर लाल खूण करावी. ११८ सेल्सिअस म्हणजे सुमारे २४४ फॅरनहाइट. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर काहिलीत कदापि वापरू नये. तो फुटल्यास पारा पाकात मिसळतो आणि सारे आधण टाकून द्यावे लागते. विजेरीवर चालणारा अंकी थर्मामीटर चपळ असतो. त्यालाही या दोन्ही परीक्षा लागू आहेत.

गुळव्या आणि काटा

पुस्तकातील आकडा ही वाट दाखविणारी खूण आहे. उसाची जात, रसाचा कस व गावाची उंची यांप्रमाणे त्यात थोडा फेर पडतो. म्हणून तपासलेल्या थर्मामीटरने पहिली दोन-तीन आधणे काढताना गुळव्याकडून थंड पाण्यातील गोळीही पाहावी. गोळी पसंत पडेल त्या क्षणी काटा कोठे आहे ते टिपून घ्यावे, व तेथे तबकडीच्या काचेवर रंगाची रेघ ओढावी. ही त्या गुऱ्हाळाची स्वतःची रेघ होय. यायोगे गुळव्याची विद्या काट्यावर उतरते, आणि गुळव्या एखाद्या दिवशी आला नाही तरी माल बिघडत नाही.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक दिवस ठरवून गावातील सर्व गुऱ्हाळांचे थर्मामीटर एकत्र आणवावेत. एक बर्फाची लादी, एक पातेले, एक चूल व एक पाना एवढ्यावर दहा-बारा थर्मामीटर सहज तपासून होतील. प्रत्येकाची तारीख व चूक वहीत लिहावी. हंगाम चालू असता महिन्यातून एकदा, तसेच थर्मामीटर हातून पडल्यास लगेच, उकळत्या पाण्याची परीक्षा घ्यावी. शंका राहिल्यास नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. गूळनिर्मितीविषयी अधिक माहितीसाठी कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे.

शेतकरी बंधूंनी इतके तरी अवश्य करावे : पुढील आधण चढविण्यापूर्वी घरच्या पातेल्यात पाणी उकळावे, थर्मामीटर त्यात धरावा आणि काटा ९८ च्या जवळ येतो की नाही ते पाहावे. या कामास पाव तास पुरतो.