न लिहिलेला ‘पक्ष’

भूमितीचे प्रमेय मांडताना आपण आधी ‘पक्ष’ लिहितो, मग ‘साध्य’ आणि शेवटी ‘सिद्धता’. पक्ष न लिहिता पुढे गेलेल्या विद्यार्थ्याचे गुण शिक्षक कापतात. संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर मात्र असा शिक्षक बसलेला नसतो. तो मनातल्या मनात कित्येक गोष्टी गृहीत धरतो आणि थेट सिद्धतेला हात घालतो. मी व्हिडिओ गेमचे प्रोग्राम लिहितो. या व्यवसायात दोष शोधून काढण्याला ‘डीबगिंग’ म्हणतात आणि त्यात आमचा पुष्कळ वेळ जातो. बहुतेक दोषांच्या मुळाशी न लिहिलेला पक्ष असतो, असे माझे मत झाले आहे. ते दोन-चार उदाहरणांनी स्पष्ट करतो.

‘पॅक-मॅन’ हा खेळ जपानच्या नामको कंपनीने १९८० साली आणला. त्यात खेळाडू कितव्या फेरीत आहे, ही संख्या आठ बिटांच्या एका घरात ठेवलेली असे. अशा घरात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. मोटारीचा मापक ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर यावा, तसे २५५ मध्ये एक मिळवला की तेथे शून्य येते. मोजणी शून्यापासून असल्याने २५६ व्या फेरीत त्या घरात २५५ असतात. पडद्याच्या तळाशी फळांची चित्रे काढणारा भाग त्यात एक मिळवतो आणि उत्तर शून्य येते. हा भाग आधी चित्र काढतो, मग संख्येतून एक वजा करतो आणि त्यानंतर शून्य झाले का ते पाहतो. शून्यातून एक गेला की पुन्हा २५५! परिणामी तो २५६ वेळा चित्रे काढत सुटतो. पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक खुणांनी भरून जातो आणि फेरी पुरी करणे अशक्य होते. येथे न लिहिलेला पक्ष कोणता? ‘इतक्या पुढे कोणी जाणार नाही’, हा.

निंटेंडोच्या १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मध्येही तसेच घडते. पातळीच्या अंकात ४ मिळवून १० ने गुणायचे आणि त्यावरून खेळाडूला वेळ द्यायचा, असा हिशेब त्यात आहे. २२ व्या पातळीवर उत्तर २६० येते. घरात मावतात २५५. म्हणून २६० मधून २५६ जाऊन ४ उरतात. वेळ सुरू होताच संपतो आणि खेळाडू मरतो.

आता उलट उदाहरण पाहू. तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळात ५५ शत्रू असतात. त्या काळच्या मंद यंत्राला ते सर्व एकाच वेळी हलवणे जमेना. जसजसे शत्रू मरत, तसतसे यंत्रावरचे ओझे कमी होऊन उरलेले वेगाने धावत. निशिकादो यांनी हा वेग तसाच राहू दिला, आणि तोच त्या खेळाचा प्राण ठरला. दोष कशाला म्हणायचे हेसुद्धा नीट पाहूनच ठरवावे लागते, ते असे.

शोध घ्यायचा कसा? पहिली पायरी म्हणजे दोष हवा तेव्हा पुन्हा घडवता आला पाहिजे. दुसरी, शोधाचे क्षेत्र निम्मे निम्मे करीत जाणे. १,०२४ बदलांपैकी एकाने खेळ बिघडवला असेल, तर मधला बदल तपासा, मग उरलेल्या निम्म्यातला मधला. दहा तपासण्यांत गुन्हेगार सापडतो. ‘गिट’ या साधनात यासाठी ‘बायसेक्ट’ नावाची आज्ञाच आहे. ‘डीबगर’ हे साधन प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून कोणत्या घरात काय आहे ते दाखवते. पण साधन ‘काय आहे’ एवढेच सांगते. ‘आपण काय धरून चाललो होतो’ हे ज्याचे त्यालाच आठवावे लागते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. खेळाडूचे नाव लिहिण्यासाठी २० बाइटांचे घर ठेवले, तर इंग्रजीची २० अक्षरे त्यात सुखाने मावतात. आता ‘लक्ष्मी’ लिहा. डोळ्यांना दिसतात दोन अक्षरे. पण युनिकोडच्या हिशेबाने ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हे होतात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. एक बाइट कमी पडला, वेलांटी गळाली आणि लक्ष्मीची ‘लक्ष्म’ झाली! आमच्या कन्नड विभागातील मित्रांनी हेच नाव आपल्या लिपीत मोजून पाहावे. तेथेही सात चिन्हे आणि २१ बाइटच भरतील. ‘एक अक्षर म्हणजे एक बाइट’ हा पक्ष कोणीतरी दूर बसून मनात धरला, आणि एका मुलीला स्वतःचे नाव धड लिहिता येईना. हा दोष त्या दूरच्या प्रोग्रामरला दिसण्याचा संभव थोडा. तो दिसेल तो ज्यांच्या नावात जोडाक्षर आहे त्यांना.

म्हणून संगणकाकडे वळणाऱ्या विद्यार्थी मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की, प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्याआधी कोऱ्या कागदावर ‘पक्ष’ असा मथळा द्यावा आणि आपण जे जे धरून चाललो आहोत ते त्याखाली मांडावे. खेळ बिघडला की आधी तो कागद काढावा, मग डीबगर.