ट्रॅक्टरवरील वीज आणि आपली जबाबदारी



पारनेर हा पर्जन्यछायेतील तालुका. येथे विहिरीचे वा बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी विजेच्या पंपानेच वर येते. म्हणून वादळात तारा तुटल्या की निवासी शाळेत केवळ दिवे जात नाहीत, पिण्याचे पाणीही थांबते. अशा वेळी शेतातील ट्रॅक्टर उपयोगी पडू शकतो.

ट्रॅक्टरच्या मागे पीटीओ नावाचा फिरता दांडा असतो. रोटाव्हेटर व मळणीयंत्र त्यावरच चालतात. हा दांडा सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. त्यासाठी चार ध्रुवांचा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेरे फिरावा लागतो. म्हणून मध्ये गिअरपेटी किंवा पट्टा-कप्पी बसवून वेग सुमारे पावणेतीन पट करतात. हा वेग बिघडला तर उपकरणे जळू शकतात. म्हणून आधी मीटरवर दाब व आवर्तने पाहावीत, मगच भार द्यावा.

एक किलोवॅट विजेसाठी ट्रॅक्टरची सुमारे दोन अश्वशक्ती धरावी. १५ केव्हीएचा, म्हणजे सुमारे १२ किलोवॅटचा जनरेटर ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चालवू शकतो. मात्र मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. म्हणून प्रथम पंप, नंतर दिवे.

वीज ही चैनीची वस्तू नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा संबंध औद्योगिकीकरणाशी आणि दारिद्र्यातून सुटकेशी जोडला.

त्याच बाबासाहेबांनी कामगारांच्या सुरक्षिततेचाही विचार केला. येथे तो आपण करायचा आहे. जनरेटर थेट घरातील वायरिंगला जोडला आणि मेन स्विच चालू राहिला, तर वीज उलट डीपीकडे जाते. तेथे ४०० व्होल्टचे ११,००० व्होल्ट होऊ शकतात. तार मृत आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. यास्तव दुहेरी चेंज-ओव्हर स्विच अत्यावश्यक आहे. त्यामुळे एका वेळी महावितरणची लाइन किंवा जनरेटर, यांपैकी एकच जोडलेले राहते. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. अर्थिंग पक्के असावे, फिरत्या दांड्यावर संरक्षक आवरण असावे, सैल कपडे घालून कोणी जवळ जाऊ नये. ट्रॅक्टर उघड्यावरच ठेवावा. त्याचा धूर बंद खोलीत प्राणघातक ठरतो.

पुढच्या वेळी लाइट गेली आणि कोणी ट्रॅक्टर आणला, तर आपल्यापैकी एकाने तरी विचारावे, ‘चेंज-ओव्हर स्विच कोठे आहे?’ खांबावरच्या माणसालाही घरी कोणीतरी वाट पाहणारे असते.