माथेरान : भूगोल आणि ओझे

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, नेरळच्या नैऋत्येस, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा उभा असलेला डोंगर म्हणजे माथेरान. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. नावाची फोड सोपी आहे : माथ्यावरचे रान.

या डोंगराची घडण पाहिली म्हणजे त्याचा इतिहास कळू लागतो. खाली काळा बेसाल्ट, वर जांभ्याचा थर. माथा सपाट, कडे मात्र उभे. माथ्यावर शेतीजोगी जमीन जवळजवळ नाही. जांभ्याची तांबडी माती पावसाळ्यात ओहोळांतून वाहून जाते व झाडांची मुळे उघडी पडतात. म्हणून धान्य, कापड, विटा, सारे काही खालूनच वर न्यावे लागते. माथेरानचा इतिहास हा मुख्यतः चढणीचा इतिहास आहे, असे मला वाटते.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पुस्तकांतून यास माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. परंतु ठाकर, धनगर, कातकरी यांच्या पायवाटा त्यापूर्वीच्या आहेत. पुढे मुंबईच्या साहेबांचे व धनिकांचे बंगले उठले आणि तट्टे, डोल्या व हमाल यांचा धंदा सुरू झाला. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळहून दोन फूट रुंदीची रेल्वे वर नेली. उभा चढ टाळण्यासाठी तिला सुमारे २० किलोमीटर वळणे घेत जावे लागते.

याच गावात १९१२ साली एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. ते वकील झाले. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. ज्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, अशा घरातून मी आलो आहे; म्हणून भाई कोतवालांचे चरित्र मला दूरचे वाटत नाही.

२००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. पाहुण्यांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे कित्येक वर्षे पाय, घोडा किंवा हातरिक्षा असे. हातरिक्षा एक जण ओढत असे व मागून दुसरे ढकलत. आमच्या घरात दोन पिढ्यांनी ती ओढली. उतारावर गाडी आवरताना ओढणाऱ्याच्या गुडघ्यांवर किती भार येतो, हे वडिलांच्या चालण्यावरून मला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची योजना आखण्यास सांगितले.

हा निर्णय योग्यच होय. मात्र जू उतरवणे आणि भाकर देणे ही दोन निराळी कामे आहेत. ई-रिक्षाची चावी ओढणाऱ्याच्याच हाती पडली, तरच दुसरे पुरे होईल.

इंग्रज साहेबांची नावे माथेरानच्या पॉइंटांना आहेत. डोली वाहणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत. आपल्या इतिहास व भूगोल विभागांतील मित्रांनी नेरळच्या वाटेवरील वृद्ध हमालांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. हे काम याच सुट्टीत सुरू करता येईल.

— द्वितीय वर्ष, कला