फिट आली, स्कॅनमध्ये डाग दिसला

खोपोली-चौक-कर्जतकडची माणसे पनवेल किंवा कामोठ्याहून एमआरआय काढून आणतात, अहवालात ‘डाग’ असल्याचे कळते आणि संध्याकाळपर्यंत डोक्यात कॅन्सर झाल्याची बातमी वाडीभर होते. थोडे थांबा.

आपल्या देशात फिटनंतर दिसणारा लहानसा, कडेने चकाकणारा गोल डाग पुष्कळदा ट्यूमर नसतोच. तो डुकराच्या फीतकृमीच्या अळीचा किंवा क्षयाचा असतो. डाग एकच, 20 मिलिमीटरपेक्षा लहान आणि फार सूज नसलेला असेल, तर अळीची शक्यता जास्त. कड्याच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला, तर शंका जवळजवळ मिटते. क्षयाची गाठ बहुधा याहून मोठी आणि वेडीवाकडी असते. ‘आम्ही डुकराचे मांस खात नाही’ असे सांगून सुटका नाही. न धुतलेल्या भाजीतून आणि हातांतून अंडी पोटात जातात. मात्र दुकानातून अल्बेंडाझोल ही जंताची गोळी आणून स्वतः घेऊ नका. मरणाऱ्या अळीभोवती सूज वाढते आणि फिट वाढू शकतात.

आता खऱ्या ट्यूमरविषयी. सर्वांत जास्त फिट आणणाऱ्या गाठी बहुधा सर्वांत घातक नसतात. हळू वाढणारी, मेंदूच्या वरच्या करड्या थराला चिकटलेली गाठ वर्षानुवर्षे फक्त फिटच देते. मुलांत आणि तरुणांत कानाजवळच्या टेम्पोरल भागात साबणाच्या फेसासारखा, कॉन्ट्रास्टचे औषध फारसे न घेणारा डाग म्हणजे बहुधा डीनेट ही गाठ. पाण्याची पुटी आणि तिच्या भिंतीला छोटी गाठ दिसली, तर गँग्लिओग्लायोमाचा विचार होतो. पस्तिशी-चाळिशीत कपाळामागच्या भागात ऑलिगोडेंड्रोग्लायोमा आढळतो. त्यात चुना साठतो, आणि तो साध्या एमआरआयपेक्षा सीटी स्कॅनवर ठळक दिसतो. म्हणून जुनी सीटीची फिल्म रद्दीत टाकू नका.

घातक ग्लायोब्लास्टोमाचे रूप वेगळे: जाड, खडबडीत कडे, मध्ये मृत भाग, भोवती सूज, कधी मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्यापर्यंत पसरलेला. तरीही त्यात सुरुवातीलाच फिट येणारे रुग्ण निम्म्याहून कमी. मेंदूच्या आवरणाची मेनिन्जिओमा एकसारखी चकाकते आणि बहुतेक वेळा साधी असते. फुप्फुसातून किंवा स्तनातून पसरलेल्या गाठी बहुधा अनेक असतात. अर्थात फोटो कितीही बोलका असला, तरी शेवटचा निकाल पुष्कळदा बायोप्सीच देते.

मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली आणि तातडीचा साधा सीटी नॉर्मल आला, तर तिथे थांबू नका. लहान गाठ त्यात निसटते. कॉन्ट्रास्टसह एमआरआय करा. आधी मूत्रपिंडाची तपासणी होते, आणि पेसमेकर असल्यास सांगा. दाखवायला जाताना नुसता कागदी अहवाल नको, स्कॅनची सीडीही न्या. ट्यूमर असेल तर टाटा मेमोरियलचे अॅक्ट्रेक केंद्र खारघरलाच आहे, परळपर्यंत जावेच लागेल असे नाही.

निदान होईपर्यंत दुचाकी चालवू नका, पाताळगंगा नदीत किंवा विहिरीत उतरू नका, फिटची गोळी मनाने बंद करू नका. फिट आलेल्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, नाकाला कांदा-चप्पल काही नको. पाच मिनिटांत थांबली नाही, तर 108 ला फोन करा.