खाडीकांठचा वनरक्षक

वनरक्षक म्हटला कीं सागाचें अरण्य आणि वाघाचा माग डोळ्यांपुढें उभा राहतो. दिव्याच्या मुलांना मात्र त्याचें काम समजून घेण्यासाठीं इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. दिव्याहून धीम्या गाडीनें ठाण्यास जातांना मुंब्र्याच्या डोंगराखालीं, खाडीच्या कांठीं जी ठेंगणी हिरवी झाडी दिसते, तें कांदळवन होय. त्याचेंही रक्षण वनखात्याकडे आहे.

वनखात्यांत सर्वांत लहान हद्द, म्हणजे नियतक्षेत्र, वनरक्षकाकडे असते. त्याच्यावर वनपाल, आणि वनपालांवर वनक्षेत्रपाल. लोक ज्यास ‘रेंजर’ म्हणतात तो हाच. महाराष्ट्रांत २०१२ सालीं खारफुटीकरितां निराळा कांदळवन कक्ष स्थापन झाला.

डोंगरांतील रक्षक पाऊलवाटेनें फिरतो. खाडीवरील रक्षकास चिखलांतून अथवा होडींतून फिरावें लागतें, आणि तेंही भरती-ओहोटीच्या सोयीनें. तोडलेलें झाड कोणासही दिसेल. परंतु तिवराचें झाड कुऱ्हाड न लावतांही मारतां येतें. खाडीच्या चिखलांत हवा फारच थोडी, म्हणून तिवराचीं मुळें बोटांएवढाले कोंब वर काढून त्यांतून श्वास घेतात. रात्रीं कोणी राडारोडा ओतून हे कोंब पुरले, किंवा बांध घालून भरतीचें पाणी अडविलें, कीं झाड उभ्याउभ्या वाळतें. मग ‘येथें कांदळवन नव्हतेंच’ असें म्हणावयास जागा मोकळी! म्हणून जाणता रक्षक झाडांपेक्षां पाण्याकडे अधिक लक्ष देतो. कालपर्यंत भरती ज्या नाळीनें आंत येत होती ती आज बुजलेली दिसली, कीं तेथेंच पंचनामा झाला पाहिजे. महिन्यानंतर केलेल्या पंचनाम्यानें वाळलेलें झाड जगत नाहीं.

त्याच्या पाठीशीं कायदा आहे. १७ सप्टेंबर २०१८ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. वनासभोंवतीं ५० मीटर जागाही मोकळी राखावयाची आहे. हें पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे, कारण भरावावर स्वस्तांत मिळालेली खोली पुढें फार महाग पडते.

या चिखलाचा मानकरी पाहुणा म्हणजे रोहित पक्षी, ज्याला फ्लेमिंगो म्हणतात. हिवाळ्याच्या सुमारास रोहितांचे थवे गुजरातेकडून येतात आणि पावसाळ्याच्या तोंडीं बहुतेक परततात. चोंच उलटी धरून चिखलपाण्यांतील सूक्ष्म शैवाल व बारीक जीव ते गाळून खातात. ठाणे खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग २०१५ सालीं त्यांच्यासाठीं अभयारण्य झाला, आणि २०२२ सालीं ठाणे खाडीचें नांव जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत गेलें.

तरी त्यांचें जिणें निर्धास्त नव्हे. २० मे २०२४ च्या रात्रीं घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. वस्तींत पडलेले ते पक्षी शोधून गोळा करण्याचें कामही वनखात्याच्या माणसांनाच करावें लागलें.

हे पक्षी पाहण्यास लोक ऐरोलीच्या केंद्रांत जातात. (तेथेंही दिवा नांवाचें गांव आहे, मुलांनीं घोटाळा करूं नये.) पाहुण्यांना वाट दाखविणें हा रक्षणाचाच भाग आहे. नाव थव्याजवळ न्या, पक्षी उडाले म्हणजे चित्र सुरेख येईल, असा हट्ट पुष्कळ जण धरतात. त्यांस न रागावतां समजवावें लागतें कीं चिखल उघडा पडतो तो ओहोटीपुरता. तेवढ्या वेळांत पोट भरावयाचें, आणि उडण्यांत शक्ति गेली तर ती भरून काढण्यास पुन्हां वेळ कोठला? सहल काढणाऱ्या शिक्षकांनीं आधीं त्या दिवसाची भरतीची वेळ विचारून घ्यावी, कारण शाळेच्या घंटेप्रमाणें तेथें नाव सुटत नाहीं.