मुंबई ते लंडन : अंतराचे आणि वेळेचे गणित

कर्जत तालुक्यातील कडावसारख्या गावातील एखादा विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी लंडनला निघाला, की तिकिटावरील वेळा पाहून घरची मंडळी बुचकळ्यात पडतात. समजा, मुंबईहून प्रस्थान १५ जानेवारीस पहाटे २ वाजता व लंडनला आगमन त्याच दिवशी सकाळी ६.३० वाजता आहे. तर मग हा प्रवास अवघ्या साडेचार तासांचा मानावयाचा काय?

घड्याळे दोन, प्रवास एक

तिकिटावर प्रत्येक विमानतळाची स्थानिक वेळ छापलेली असते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरून, तर ब्रिटनची हिवाळ्यातील वेळ शून्य रेखांशावरून ठरते. ८२.५ ला १५ ने भागले असता साडेपाच तासांचा फरक येतो. लंडनला सकाळी ६.३० वाजतात तेव्हा कडावला दुपारचे १२ वाजलेले असतात. म्हणजेच प्रवास दहा तासांचा झाला. पोचल्याचा निरोप घरच्यांना दुपारनंतरच अपेक्षिता येईल. उन्हाळ्यात ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे केली जात असल्याने हा फरक साडेचार तासांचा होतो.

अंतर व वारा

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. शाळेतील पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास खरा जवळचा मार्ग दिसतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत संपावयास हवे. परंतु उंचावरील वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते विमानास अडवितात, तर येताना साह्य करतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा कमी वेळात होतो. मार्गावरील हवाई हद्दींचाही परिणाम होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केल्यानंतर पश्चिमेकडील अनेक उड्डाणांचे मार्ग लांबले.

दोन दिवसांवरून दहा तासांवर

एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून प्रथमच लंडनकडे उड्डाण केले. कैरो व जिनिव्हा येथे थांबत ते १० जूनला लंडनला पोचले. १९६० मध्ये या कंपनीच्या ताफ्यात जेट विमाने आली आणि प्रवासाचा काळ झपाट्याने घटला.

तारखेची दक्षता

वेळेच्या हिशेबात सर्वांत महाग पडणारी चूक तारखेची होय. १५ तारखेच्या पहाटे २ वाजताचे विमान गाठण्यासाठी आदल्या रात्री ११ पर्यंत विमानतळावर पोचावे लागते. म्हणजे कडावहून निघावयाचे ते १४ तारखेच्या सायंकाळीच. शिवाय, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यामुळे आता परिसरात दोन विमानतळ आहेत. तेव्हा तिकिटावरील वेळेबरोबरच तारीख व विमानतळाचे नाव पाहूनच घराबाहेर पडणे हिताचे ठरेल.